आधी जंगल, मग समुद्र: टांझानियाची सफारी आणि झांझिबारचा किनारा एकाच सुट्टीत कसा बसवायचा

टांझानियातली सफारी आणि त्याच देशातल्या झांझिबार बेटाचा समुद्रकिनारा एका सुट्टीत छान बसतात. तरी हा बेत फार जणांचा फसतो आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: बुकिंगचा उलटा क्रम. झांझिबारचं स्वस्त तिकीट दिसलं की ते काढलं जातं, मग फोटो बघून किनाऱ्यावरचं हॉटेल ठरतं आणि उरलेल्या दोन-तीन दिवसांत सफारी कोंबली जाते. शेवटी जंगलात पोचेपर्यंत परतायची वेळ होते. किनाऱ्यावर पोचावं तर समुद्र अर्धा किलोमीटर आत गेलेला असतो.

खरा क्रम असा: महिना, जंगलाचा भाग, दिवसांची मांडणी, सफारीचं बुकिंग, किनारा आणि सगळ्यात शेवटी आंतरराष्ट्रीय विमान. पुढचे टप्पे याच क्रमाने घ्या. तिकीट आधीच काढून झालं असेल तर निदान पहिले तीन टप्पे वाचून तारखा बदलता येतात का ते पाहा.

टप्पा १: महिना ठरवा

इथे दोन पावसाळे असतात. मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत मोठा पाऊस आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये छोटा पाऊस. मोठ्या पावसात सेरेंगेटीच्या काळ्या मातीत गाड्या रुततात, काही कॅम्प बंद असतात आणि झांझिबारमधली काही हॉटेलंही एप्रिल-मेमध्ये दुरुस्तीसाठी कुलूप लावतात. या काळात दर निम्म्यावर आलेले दिसतील. पहिल्यांदाच जात असाल तर त्या मोहात पडू नका.

जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ दोन्ही ठिकाणांना मानवतो. गवत खुरटलेलं असतं, प्राणी पाण्याभोवती गोळा होतात, किनाऱ्यावर उकाडा कमी असतो. जानेवारी-फेब्रुवारीही चांगले, फक्त झांझिबारमध्ये तेव्हा दमट उष्मा असतो. नोव्हेंबरचा छोटा पाऊस सहसा सरींनी येतो आणि उघडतो. गर्दी नको असेल त्यांनी या महिन्याचा जरूर विचार करावा.

फेब्रुवारी-मार्च धरत असाल तर रमजानच्या तारखा बघून घ्या. २०२७ मध्ये रमजान साधारण ८ फेब्रुवारी ते ९ मार्च असा येतो, चंद्रदर्शनानुसार एखाद्या दिवसाचा फरक पडेल. झांझिबार जवळपास पूर्णपणे मुस्लिम आहे. हॉटेलात जेवण मिळत राहतं, पण दिवसा स्टोन टाऊनमधली (झांझिबार शहराच्या जुन्या भागातली) बरीच खानावळं बंद असतात आणि रस्त्यात खाणंपिणं शोभत नाही.

टप्पा २: सेरेंगेटीचा नेमका भाग निवडा

सर्वांत महागडी चूक इथे होते. "आम्ही सेरेंगेटीला जातोय" एवढ्यावर बुकिंग होतं. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान जवळपास १४,७६३ चौरस किलोमीटरचं आहे. दक्षिणेकडच्या न्डुटूहून उत्तरेच्या कोगाटेंडेपर्यंत गाडीने जायचं तर पूर्ण दिवस लागतो. विल्डबीस्ट (गवतावर जगणारे मोठे आफ्रिकी कुरंग) आणि झेब्र्यांचे कळप वर्षभर पावसामागे फिरत असतात, त्यामुळे चुकीच्या टोकाला कॅम्प घेतलात तर कळपाचं दर्शनच होत नाही.

ढोबळ वेळापत्रक असं:

- जानेवारी ते मार्चची सुरुवात: दक्षिणेकडची गवताळ मैदानं आणि न्डुटू. फेब्रुवारीच्या आसपास पिल्लांचा जन्म, आणि पिल्लांमागे सिंह, चित्ते, तरस.
- एप्रिल-मे: कळप मध्य आणि पश्चिमेकडे सरकतात.
- जून: पश्चिमेचा ग्रुमेटी नदीचा पट्टा.
- जुलै अखेर ते ऑक्टोबर: उत्तरेला मारा नदी, कोगाटेंडेचा परिसर.
- नोव्हेंबर-डिसेंबर: परत दक्षिणेकडे.

हे सगळं पावसावर अवलंबून असल्यामुळे दोन-तीन आठवडे मागेपुढे होतं. नदी ओलांडणारे कळप बघायलाच मिळतील अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्याकडे बुकिंग करू नका. काठावर चार-चार तास थांबूनही कळप माघारी फिरतो.

कळप हा मुख्य हेतू नसेल तर मध्यभागातलं सेरोनेरा घ्या. तिथे सिंह आणि बिबटे वर्षभर असतात आणि पहिल्या सफारीला माझी पसंती सेरोनेरालाच आहे. हत्ती बघायचे असतील तर जून ते ऑक्टोबरमध्ये तारांगिरे राष्ट्रीय उद्यान चुकवू नका. बाकीचे पाणवठे आटले की शेकडो हत्ती तारांगिरे नदीवर येतात.

तपासा: न्डुटूचा बराचसा भाग न्गोरोंगोरो संवर्धन क्षेत्रात येतो, सेरेंगेटी उद्यानात नाही. दोन्हींचं प्रवेशशुल्क वेगळं. कोटेशनमध्ये दोन्ही धरलंय का ते विचारा.

टप्पा ३: दिवस मांडा, आणि सफारी आधी ठेवा

"आधी चार दिवस समुद्रावर आराम, मग जंगल" हा बेत ऐकायला गोड वाटतो, पण तो उलटा आहे. सफारीत रोज पहाटे साडेपाचला उठायचं असतं, दिवसभर धूळ आणि खडबडीत रस्ते असतात. त्यानंतर समुद्र हवासा वाटतो. समुद्रानंतर ही दगदग अंगावर येते.

दुसरं कारण प्रकृतीचं आहे आणि ते फार कमी लोक लक्षात घेतात. झांझिबारमध्ये स्कूबा डायव्हिंग करून लगेच विमानात बसणं किंवा उंचावर जाणं धोक्याचं असतं. एकच साधा डाइव्ह असेल तर किमान १२ तास आणि अनेक दिवस किंवा एकापेक्षा जास्त डाइव्ह असतील तर किमान १८ तास थांबावं असा नियम आहे. २४ तास धरले तर उत्तम. न्गोरोंगोरोची, म्हणजे तिथल्या जुन्या ज्वालामुखीच्या विवराची (क्रेटरची), कड सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. पहिल्या दिवशी डाइव्ह आणि दुसऱ्या दिवशी न्गोरोंगोरो, असा बेत कधीही करू नका.

दहा रात्रींची मांडणी मी अशी सुचवेन:

१. पहिली रात्र आरुशा शहरात. किलिमांजारो विमानतळावर उतरून फक्त झोप.
२. दुसरी रात्र तारांगिरे.
३. तिसरी रात्र न्गोरोंगोरोच्या कडेवर किंवा जवळच्या कराटू गावात.
४. चौथ्या दिवशी उजाडताच क्रेटरमध्ये उतरणं, दुपारी सेरेंगेटीकडे. चौथी, पाचवी, सहावी रात्र सेरेंगेटीत.
५. सातव्या दिवशी सेरोनेराच्या धावपट्टीवरून छोट्या विमानाने झांझिबार. सात ते नऊ किनाऱ्यावर.
६. दहावी रात्र स्टोन टाऊन, तिथून विमानतळ जवळ.

यातला कळीचा भाग म्हणजे सेरेंगेटीहून परत गाडीने न येणं. सेरोनेरा ते आरुशा रस्त्याने सात-आठ तास लागतात. विमानाचं भाडं जड वाटेल, पण सुट्टीचा एक अख्खा दिवस वाचतो. खर्च कुठे तरी कापायचाच असेल तर हॉटेलचा दर्जा एक पायरी खाली आणा. हे विमान मात्र कापू नका. जुलै ते ऑक्टोबरमध्ये उत्तर सेरेंगेटीही हवी असेल तर निदान दोन रात्री वाढवा आणि परतीचं विमान कोगाटेंडेहून घ्या.

हातात सहा-सात रात्रीच असतील तर देशाच्या उत्तरेकडच्या या सगळ्या उद्यानांचा हट्ट सोडा. दक्षिणेकडचं न्येरेरे राष्ट्रीय उद्यान घ्या. जुन्या सेलूस अभयारण्याचा मोठा भाग वेगळा काढून २०१९ मध्ये ते झालं. झांझिबारहून छोट्या विमानाने ते जवळ पडतं, रुफिजी नदीवर होडीतून पाणघोडे आणि मगरी बघता येतात, जंगली कुत्र्यांचे कळपही इथे आहेत. तीन रात्री द्या. सकाळी झांझिबारहून जाऊन संध्याकाळी परत, अशा एका दिवसाच्या सफारी विकल्या जातात. त्यात प्राणी दिसण्याचे पहाटेचे आणि सांजेचे तासच हातचे जातात.

टप्पा ४: सफारी बुक करताना काय विचारायचं

कंपनीकडे पर्यटन व्यवसायाचा 'टाला' परवाना आहे का, ते पहिलं विचारा. मग कोटेशन मागवा आणि किमतीच्या आकड्याआधी त्यातल्या तपशिलाकडे बघा:

- सगळी प्रवेशशुल्कं आणि त्यावरचा १८ टक्के व्हॅट धरलाय का? क्रेटरमध्ये उतरण्यासाठी गाडीमागे वेगळं आणि भरभक्कम शुल्क असतं. स्वस्त कोटेशनमधून नेमकं हेच गायब असतं.
- गाडी कुठली? छत उघडणारी फोर बाय फोर लँडक्रूझर हवी आणि प्रत्येकाला खिडकी.
- गाडी फक्त तुमच्यासाठी आहे की अनोळखी लोकांबरोबर?
- कॅम्प उद्यानाच्या आत आहे की बाहेर? बाहेरचा स्वस्त पडतो, पण पहाटेचा सोन्यासारखा तास फाटकावर पोचण्यातच जातो.
- प्रवेश परवान्याची वेळ कधी सुरू होऊन कधी संपते? परवाने तासांवर असतात. चुकीच्या वेळी फाटक ओलांडलं तर जादा शुल्क बसतं.

शाकाहारी असाल, किंवा कांदा-लसूण चालत नसेल, तर हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा आणि निघण्याआधी पुन्हा आठवण करा. सेरेंगेटीतल्या कॅम्पवर भाजीपाला आरुशाहून येतो. तिथे पोचल्यावर सांगून स्वयंपाक्याच्या हाती फार काही उरत नाही.

टप्पा ५: किनारा भरती-ओहोटी बघून निवडा

झांझिबारच्या हॉटेलांचे सगळे फोटो भरतीच्या वेळी काढलेले असतात. पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जाम्बियानी, मातेम्वे इथे, प्रवाळाच्या बांधाआड उथळ पाणी आहे. ओहोटीला ते शेकडो मीटर आत जातं आणि चिखलवट वाळू, समुद्रशेवाळाची शेतं आणि खळगी उरतात. चालायला, बघायला सुंदर, पोहायला निरुपयोगी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती आणि ओहोटीतला फरक साडेतीन-चार मीटरपर्यंत जातो, अष्टमीच्या आसपास भांगाला तो बराच कमी असतो.

दिवसभर पोहायचं असेल तर वायव्येचे नुंग्वी आणि केंडवा घ्या. तिथे ओहोटीतही पाणी पुरेसं असतं आणि सूर्यास्त समुद्रात होतो. गर्दी मात्र तिथेच जास्त. जून ते सप्टेंबरमध्ये आग्नेयेकडून जोराचा वारा वाहतो. पाजेला काइटसर्फिंग करणारे त्याचीच वाट बघतात, पण लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांना वायव्येची बाजू बरी. शांतता, मोठा मोकळा किनारा आणि कोळ्यांची गावं हवी असतील, आणि पाण्यात उतरायची वेळ घड्याळ बघून ठरवायला हरकत नसेल, तर जाम्बियानीसारखं ठिकाण क्वचितच मिळेल.

तपासा: तुमच्या तारखांचा भरती-ओहोटीचा तक्ता काढा. वेळा रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकतात. म्नेम्बा बेटाजवळ स्नॉर्कलिंगला जायचं असेल तर होडीची वेळ त्यानुसार ठरवा.

टप्पा ६: आता विमानं

आंतरराष्ट्रीय तिकीट मल्टी-सिटी काढा: जाताना किलिमांजारो, येताना झांझिबारहून. बऱ्याचदा ते साध्या परतीच्या तिकिटाच्या जवळपासच पडतं आणि मागे फिरण्याची कटकट संपते.

जंगलातल्या छोट्या विमानांत सामानाची मर्यादा साधारण १५ किलो असते आणि बहुतेक ठिकाणी हातातली बॅगही त्यातच मोजतात. बॅग मऊ कापडी हवी. चाकांची कडक सूटकेस विमानाच्या पोटातल्या कप्प्यात बसतच नाही. जास्तीचं सामान आरुशाला ठेवायचं म्हटलं, तर तुम्ही तिथे परतणारच नसता, हे ध्यानात असू द्या.

सावधान: छोटं विमान आणि आंतरराष्ट्रीय विमान एकाच दिवशी जोडू नका. छोट्या विमानांचे थांबे त्या दिवशीच्या प्रवाशांप्रमाणे बदलतात. मध्ये एक रात्र हवीच.

टप्पा ७: व्हिसा, विमा, लस, गोळ्या

टांझानियाचा ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी संकेतस्थळं भरपूर आहेत. मुख्य भूमीचा व्हिसा झांझिबारलाही चालतो, वेगळा लागत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून दिला जाणारा पूर्व आफ्रिका पर्यटक व्हिसा टांझानियात चालत नाही. मसाई मारा आणि सेरेंगेटी जोडणारे इथे हमखास चुकतात.

१ ऑक्टोबर २०२४ पासून झांझिबारला जाणाऱ्या परदेशी पर्यटकांना तिथल्या सरकारी विमा महामंडळाचा विमा सक्तीचा आहे. सुरू झाला तेव्हा प्रौढांसाठी त्याची किंमत ४४ डॉलर होती. तुमचा स्वतःचा प्रवास विमा असला तरी हा घ्यावाच लागतो, आणि हा घेतला म्हणून स्वतःचा टाळू नका. जंगलातून रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च तुमच्या पॉलिसीत आहे का, ते वाचून बघा.

पीतज्वराची लस: तुम्ही नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जात असाल तर प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो, कारण केनिया आणि इथिओपिया जोखमीच्या यादीत आहेत. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी वैध होतं, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतलेली लस आयुष्यभर चालते. परतताना आपल्या देशात ते मागतात का, हेही आधीच बघा.

मलेरिया मुख्य भूमीवर आहे आणि झांझिबारमध्येही. कुठली गोळी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील, पण दोन गोष्टी त्यांच्याशी बोला. डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हात लवकर भाजते आणि शेवटी समुद्रकिनारा आहे, हे त्यांना सांगा. दुसरी गोष्ट गोळ्या थांबवण्याची: अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर ७ दिवस घ्यायची असते, डॉक्सिसायक्लिन ४ आठवडे.

टप्पा ८: बॅग

प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे. विमानतळावरच काढून घेतात. कपडे पिशव्यांत गुंडाळायची सवय असेल तर कापडी पिशव्या घ्या.

सफारीला खाकी, राखाडी, फिकट हिरवे कपडे. गडद निळा आणि काळा टाळा, कारण तारांगिरे आणि पश्चिम सेरेंगेटीतल्या त्सेत्से माश्या त्या रंगांकडे धावतात आणि त्यांचा चावा कापडातूनही लागतो. न्गोरोंगोरोच्या कडेवर जून ते ऑगस्टमध्ये रात्री कडाक्याची थंडी पडते, जाड जॅकेट हवंच. "आफ्रिका म्हणजे उकाडा" असं धरून गेलेली माणसं पहाटे उघड्या गाडीत कुडकुडत बसतात. किनाऱ्यासाठी पाण्यात घालायचे बूट घ्या, काटेरी सी अर्चिन पायात घुसले तर सुट्टी तिथेच संपते. स्टोन टाऊनसाठी खांदे आणि गुडघे झाकणारा एक तरी जोड.

दुर्बीण प्रत्येकी एक. या खर्चाचा पश्चात्ताप झालेला माणूस मला अजून भेटलेला नाही. डॉलरच्या नोटा नव्या, न फाटलेल्या, न लिहिलेल्या हव्यात. २००६ पूर्वीच्या कोणी घेत नाही. खर्चासाठी शिलिंग (टांझानियाचं चलन) बाळगा.

टप्पा ९: जंगलात

पहाटे फाटक उघडण्याच्या वेळी निघा, नाश्ता डब्यात घ्या. ड्रायव्हर-गाइडला पहिल्याच दिवशी सांगा की धावत यादी पूर्ण करायची नाही. नाहीतर वायरलेसवर "सिंह दिसला" ऐकून वीस गाड्या एका झुडपाभोवती जमतात आणि तुम्ही एकविसावे असता.

सेरेंगेटी उद्यानात रस्ता सोडून गाडी न्यायला बंदी आहे. जवळचा फोटो हवा म्हणून गाइडवर दडपण आणू नका. दंड आणि परवाना त्याचा जातो, आणि गाड्यांच्या गराड्यात चित्त्याची शिकार हुकली तर त्याची पिल्लं उपाशी राहतात. इंजिन बंद करायला सांगा, गप्प बसा, वीस मिनिटं थांबा. खरी हालचाल बहुतेक वेळा त्यानंतर सुरू होते.

क्रेटरमध्ये जिराफ नसतात, तेव्हा त्यांच्यासाठी तिथे वेळ घालवू नका. काळा गेंडा मात्र तिथेच दिसण्याची शक्यता सर्वांत जास्त. ड्रोन घरीच ठेवा.

टप्पा १०: किनाऱ्यावर

पोचलेल्या दिवशी काहीही ठरवू नका. दुसऱ्या दिवशी समुद्र, तिसऱ्या दिवशी सकाळी जोझानीचं जंगल. झांझिबारचं लाल कोलोबस माकड जगात फक्त याच द्वीपसमूहात आढळतं. त्याच्यापासून काही मीटर अंतर राखा, खायला देऊ नका.

डॉल्फिनबरोबर पोहण्याच्या सहली विकायला माणसं दारात येतील. अनेक होड्या मिळून डॉल्फिनचा पाठलाग करतात, त्यामुळे मी त्या टाळायलाच सांगेन. डाइव्ह करायचा असेल तर तो सहलीच्या आठव्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या दुसऱ्या दिवशी उरका, म्हणजे विमानापर्यंत भरपूर अंतर राहतं. शंख, शिंपले, प्रवाळ बॅगेत भरू नका. विमानतळावर सापडले तर जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो.

टॅक्सी ठरवताना वेळ सकाळची की संध्याकाळची, आणि तुमच्या घड्याळातली की स्थानिक, हे स्पष्ट करून घ्या. स्वाहिली बोलणारे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे त्यांचे दोन म्हणजे तुमचे सकाळचे आठ. विमानतळाची गाडी ठरवताना ही गफलत परवडत नाही.

परतल्यावर

मलेरियाच्या उरलेल्या गोळ्या ठरलेल्या दिवसापर्यंत घ्या. पुढच्या काही आठवड्यांत, अगदी दोन-तीन महिन्यांनीही, ताप आला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करून घ्या आणि टांझानियाहून आल्याचं डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगा. पहिली चाचणी निगेटिव्ह आली आणि ताप उतरत नसेल तर चाचणी पुन्हा करायला सांगा.